विटांच्या धुराड्यातील दरजा आणि त्यांची दुरुस्ती

वीटकामात दोन विटांमध्ये चुन्याने भरलेला जो सांधा राहतो, त्यास गवंडी 'दरज' म्हणतात व तो सांधा नव्याने भरण्याच्या कामास 'दरजा भरणे' अशी संज्ञा आहे. 'दरज' हा शब्द मूळचा फारसी असून त्याचा अर्थ शिवण असा होतो. हिंदीतील 'दर्ज़ी' हा शब्दही त्याच कुळातला. हे नाते केवळ शाब्दिक नव्हे. शिवणीचा धागा कापडाहून फार बळकट असला, तर ताण पडताच धागा तुटत नाही, कापड फाटते. दरजांच्या दुरुस्तीचे मर्म नेमके ह्याच गोष्टीत आहे.

इंग्लंडमधील एकोणिसाव्या शतकातील घरे ह्या दृष्टीने उद्बोधक आहेत. तेथे खोल्याखोल्यांतून कोळशाच्या शेगड्या असत व त्यांचा धूर विटांच्या धुराड्यांतून छपरावर जाई. ही धुराडी बहुधा चुन्यात बांधलेली असत. जोसेफ अ‍ॅस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ साली घेतले. तथापि घरबांधणीत सिमेंटने चुन्याची जागा सर्रास घेतली ती विसाव्या शतकात.

घराच्या इतर भिंतींपेक्षा धुराड्याच्या दरजा लवकर झिजतात. छपरावरील भागास चारही बाजूंनी वारा व पाऊस झोंबतो. दरजेत मुरलेले पाणी थंडीत गोठले म्हणजे त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते व चुना भुसभुशीत होतो. आतूनही आघात होतच असतो. कोळशाच्या धुरातील गंधकाचे वायू व वाफ थंड माथ्याशी पोचून विटांवर द्रवरूपाने साचतात. त्यांतून उत्पन्न होणारी सल्फेटे सिमेंटमधील अ‍ॅल्युमिनेटांशी संयोग पावली, की दरज फुगते. जी बाजू अधिक काळ ओली राहते ती अधिक फुगते आणि धुराडे हळूहळू विरुद्ध बाजूस कलते.

अशा वेळी 'मजबूत' दुरुस्ती म्हणून झिजलेल्या दरजा सिमेंटने भरण्याचा मोह होतो. परिणाम मात्र उलटा होतो. चुन्याची दरज सच्छिद्र असल्याने भिंतीतील ओल तिच्यातून बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बुजली, की ओल विटेतून निघू लागते. विटेच्या दर्शनी भागाचे पापुद्रे सुटतात. काही वर्षांनी सिमेंटच्या रेघा शाबूत दिसतात, परंतु त्यांच्यामधील विटा खचलेल्या असतात. दरज झिजली तर ती पुन्हा भरता येते. वीट झिजली तर भरून येत नाही. म्हणून दरज विटेहून दुबळीच असली पाहिजे. जुन्या इमारतींच्या रक्षणार्थ विल्यम मॉरिस यांच्या पुढाकाराने १८७७ साली स्थापन झालेली संस्थाही अशा बांधकामासाठी चुन्याचाच पुरस्कार करते.

काम पक्क्या परांचीवरूनच करावे. भुसभुशीत चुना दरजेच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोलीपर्यंत, साधारणतः २५ मिलिमीटर, हलक्या हाताने खरवडून काढावा. यांत्रिक करवतीने विटांच्या कडा दुखावतात. धूळ झाडून विटा ओलसर कराव्यात, म्हणजे त्या नव्या चुन्यातील पाणी शोषून घेत नाहीत. धुराड्याच्या उघड्या माथ्यासाठी पाण्यातही घट्ट होणारा चुना घेऊन त्याच्या एका भागास खरखरीत वाळूचे सुमारे तीन भाग मिसळतात. हे मिश्रण दरजेत दाबून बसवावे, विटांच्या तोंडावर पसरू देऊ नये. पुढील काही दिवस ओले गोणपाट लावून ऊन, वारा व थंडी यांपासून त्याचे रक्षण करावे. ५ अंश सेल्सिअसखाली हे काम करूच नये. चुन्यास घट्ट होण्यास अवधी लागतो, आणि घाई केल्यास सारा श्रम वाया जातो.

तथापि बाहेरच्या दरजा भरल्या म्हणजे धुराडे निर्धोक झाले असे नव्हे. आतील नळीचा गिलावा व दरजा झिजल्या असतील, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू भिंतीतून वरच्या शयनगृहात शिरू शकतो. त्यास रंग नाही व वासही नाही. निजलेल्या माणसास त्याची चाहूल लागत नाही. म्हणून शेगडी पुन्हा पेटविण्यापूर्वी जाणकाराकडून नळीत धूर सोडून तो कोठे झिरपतो याची परीक्षा करवून घेणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या चुन्यातील वीटकामासही दुबळ्या दरजेचा हा नियम लागू पडतो. दुरुस्तीत 'मजबूत' हे विशेषण एकट्या दरजेस न लावता समग्र भिंतीस लावावे, हाच त्याचा आशय होय.