अनोळखी माणूस आणि आपले मन

दुपारचे जेवण होते, गोळ्या घेऊन होतात, घरातील मंडळी आपापल्या कामाला गेलेली असतात. अशा वेळी दीपनगरच्या वसाहतीत काय किंवा भुसावळ, जळगाव, धुळ्याच्या कोणत्याही घरात काय, ज्येष्ठांच्या हाती मोबाइल येतो. एखादा संदेश येतो : ‘सावध राहा, अमुक वेशातील माणसे गावात फिरत आहेत.’ छातीत किंचित धडधड होते. नातवंडांची आठवण येते आणि बोट आपोआप तो संदेश पुढे पाठवते. त्यामागे द्वेष मुळीच नसतो, असते ती काळजी. तरीही वाचकहो, अशाच काळजीतून आपल्या खानदेशात काय घडले, याचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या आदिवासी गावी आठवडे बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसरातून भिक्षेसाठी आलेले पाच जण तेथे पोहोचले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते. मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत असल्याची अफवा कित्येक दिवस मोबाइलवरून पसरत होती. त्यांच्यापैकी एक जण लहान मुलीशी बोलताना दिसला, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. तेवढे निमित्त पुरले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन इतके मारले की पाचही जणांचा अंत झाला. मुले पळवणारी टोळी कोठेच नव्हती.

त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर आपल्या देशातील नव्हतीच. पालकांनी मुलांवर लक्ष ठेवावे, यासाठी कराचीत तयार झालेली ती जनजागृतीची फीत होती. मूळ फितीत दुचाकीवरून आलेला माणूस मुलाला उचलून नेतो आणि लगेच परत आणून सोडतो. हा शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला. उरलेला अर्धा भाग खरा मानून माणसे माणसांच्या जिवावर उठली.

आता थोडे थांबून विचार करू. राईनपाड्याच्या बाजारातील माणसे जन्मतः क्रूर होती काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण ते त्यांच्याविषयीचे आपले अज्ञान ठरेल. मजुरीसाठी दिवसभर घराबाहेर राहणाऱ्या आईबापांची मुलांविषयीची चिंता खरीच होती. चिंतेला उत्तर मिळाले नाही की तिची भीती होते, भीतीला एखादा चेहरा सापडला की तिचा द्वेष होतो. तो चेहरा बहुधा अनोळखी माणसाचा असतो, कारण त्याच्याविषयी काहीही खरे मानणे सोपे जाते. परिचिताविषयी कोणी भलतेसलते सांगितले तर आपण म्हणतो, ‘छे, मी ओळखतो त्याला.’ अनोळखी माणसासाठी असे म्हणणारा कोणी नसतो.

येथेच ज्येष्ठ वाचकांचे मोल आहे. आपल्या लहानपणी दारी येणारा वासुदेव, नंदीबैलवाला, डौर वाजवत भिक्षा मागणारा गोसावी आपल्याला आठवतो. ओसरीवर त्याला पाणी मिळे, सुपातून धान्य मिळे. तो कोठून आला, पुढे कोठे जाणार, याची विचारपूस होई. त्याचे येणे हा वर्षाच्या क्रमाचा भाग होता. घरातील तरुणांना आणि नातवंडांना ही ओळख उरलेली नाही. त्यांच्या दृष्टीने भगव्या कपड्यांतील तो केवळ परका माणूस आहे. जे ज्ञान आपल्या स्मरणात आहे ते पुढच्या पिढीला मिळाले नाही, तर त्या रिकाम्या जागी अफवा येऊन बसते.

अर्थात, जुना काळही निर्दोष नव्हता. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण त्याने लावलेला संशय कित्येक मनांत शिल्लक राहिला. म्हणजे अज्ञान केवळ निरक्षरांचे नसते. ते शिकलेल्या माणसांच्या कायद्यातही बसू शकते. माहिती पुष्कळ असूनही ओळख नसते, हा आजच्या काळाचा खरा विकार आहे.

या विकाराचा परिणाम शरीरावरही होतो. भीती आणि संताप या अवस्थांत अ‍ॅड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, हृदयाचे ठोके जलद होतात, रक्तदाब चढतो. संकट टळले की शरीर पूर्ववत होते. परंतु भयावह संदेश सकाळपासून रात्रीपर्यंत येतच राहिले, तर शरीराला विसावा मिळत नाही. झोप उडते, चिडचिड वाढते. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी तर हे पथ्य मिठाच्या पथ्याइतकेच कसोशीने पाळावे.

पथ्य कठीण नाही. संदेश आला की स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी, कोठे आणि केव्हा पाहिले? वर्तमानपत्रात किंवा पोलिसांकडून याला दुजोरा आहे काय? हे खोटे निघाले तर कोणाचा जीव धोक्यात येईल? उत्तर मिळेपर्यंत संदेश आपल्यापाशीच थांबवावा. खरोखर शंका वाटली तर ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. मुलांच्या बाबतीत १०९८ ही मदतवाहिनी आहे.

ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. आजीआजोबांनी असा संदेश दाखवला तर ‘तुम्हाला काही कळत नाही’ असे म्हणू नका, मोबाइलही हिसकावून घेऊ नका. शेजारी बसून तो त्यांच्यासोबत वाचा. आणखी एक गोष्ट घरातही लागू पडते. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती ‘माझे पैसे चोरलेस’ असे सुनेला किंवा कामवाल्या बाईंना म्हणते, तेव्हा तो बहुधा आजाराचा भाग असतो. वस्तू कोठे ठेवली हे आठवत नाही आणि मन ती पोकळी संशयाने भरून काढते. हे ठाऊक नसले की घरात कटुता येते. ठाऊक झाले की दुःख उरते, पण राग ओसरतो.

राईनपाड्याची घटना घडली त्याच रात्री मालेगावातही अशाच अफवेवरून जमावाने पाच जणांना घेरले होते. तेथे स्थानिक माणसांनी त्यांना घरात आसरा दिला आणि पोलिसांनी त्यांची सुटका केली. त्यांना आत घेणाऱ्यांनाही ती माणसे अनोळखीच होती. आधी जीव वाचवावा, विचारपूस मग करावी, एवढे त्यांना उमगले होते.

दीपनगरसारख्या वसाहतीत हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. औष्णिक वीज केंद्राच्या नोकरीनिमित्त निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे येथे शेजारी झाली. पहिल्या दिवशी सारेच एकमेकांना परके होते. ‘गाव कोणते तुमचे?’ या एका प्रश्नाने परकेपण संपत गेले. तो प्रश्न आपण अजून विसरलेलो नाही. पुढच्या वेळी दारी अनोळखी माणूस उभा राहील, तेव्हा नातवंडांना शेजारी उभे करून तोच प्रश्न विचारावा आणि उत्तर त्यांनाही ऐकू द्यावे.