भांडण वेगळं, फराळ वेगळा

दिवाळी पंधरा-वीस दिवसांवर आली की आमच्या घरात दरवर्षी एक संवाद ठरलेला असे. सासूबाई विचारायच्या, ‘‘अनारशाचे तांदूळ कधी भिजत घालायचे?’’ आणि मी म्हणायचे, ‘‘आई, कशाला हा उपद्व्याप? कोपऱ्यावरच्या दुकानात सगळं तयार मिळतं. आणि खातंय कोण? सगळेच डाएटवर!’’

खरं सांगते, त्या काळात मला दिवाळीचा थोडा रागच यायचा. फराळाची ताटं या घरातून त्या घरात फिरायची, त्यात मला नुसता हिशेब दिसायचा. त्यांनी सहा करंज्या दिल्या, म्हणजे आपण सात द्यायच्या. मोबाइलवर येणाऱ्या शुभेच्छा एकाच साच्यातल्या. चार दिवस गळ्यात गळे आणि पाचव्या दिवसापासून पार्किंगवरून पुन्हा हमरीतुमरी. ‘सगळं ढोंग आहे,’ असं मी तोऱ्यात म्हणायचे. असं बोललं की आपण इतरांपेक्षा जरा जास्त हुशार आहोत असं वाटतं ना, तेही मला आवडायचं.

२०१८च्या भाद्रपदात सासूबाई गेल्या. जेमतेम तीन आठवड्यांचं आजारपण. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. दारात रांगोळी नाही, आकाशकंदील नाही, घरात तळण नाही. मला वाटलं, चला, यंदा सुटलो! पण वसुबारसेच्या संध्याकाळी खालून-वरून चकल्यांचा खमंग वास यायला लागला आणि माझं स्वयंपाकघर मात्र गप्प. धाकटी लेक ओट्याशी उभी राहून म्हणाली, ‘‘आई, आजी असती तर आत्ता भाजणी मळत असती ना गं?’’ मी तिला अभ्यासाला पिटाळलं आणि उगाचच ओटा पुसत बसले.

धनत्रयोदशीला सकाळी बेल वाजली. शेजारीण हातात डबा घेऊन उभी. ‘‘तुमच्याकडे तळण नाही ना, पोरांसाठी आणलंय.’’ मग खालच्या मजल्यावरून चिवडा आला, मागच्या इमारतीतून शंकरपाळे. ज्या घरी तळण नसतं, तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी फराळ पोचवायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. मला ठाऊक होती, पण घेणाऱ्याच्या बाजूला मी कधी उभी राहिले नव्हते. आणि या ताटांत हिशेब नव्हता, कारण त्या वर्षी आमच्याकडून काहीच परत जाणार नव्हतं. ते देणाऱ्यांनाही माहीत होतं.

संध्याकाळी शेवटची बेल वाजली. दार उघडलं तर वरच्या मजल्यावरच्या काकू! यांच्या बाथरूममधून आमच्या छतावर दोन वर्षं पाणी झिरपत होतं. सोसायटीला पत्रं लिहून झाली होती, जिन्यात आवाज चढवून झाले होते, शेवटी बोलणंच बंद. काकूंनी स्टीलचा डबा माझ्या हातात ठेवला. ‘‘तुझ्या सासूबाईंनीच शिकवलेले अनारसे आहेत. दोन-तीन हसलेत, सांभाळून घे.’’

मी गोंधळून म्हटलं, ‘‘अहो काकू, पण आपलं तर...’’

‘‘भांडण बाथरूमचं आहे गं. भांडण वेगळं, फराळ वेगळा,’’ म्हणाल्या आणि जिना चढूनही गेल्या.

तो डबा आठ दिवस माझ्या टेबलावर होता. कुणाचा डबा रिकामा परत करू नये, ही सासूबाईंची शिकवण. शेवटी त्यात साखर भरली आणि दोन वर्षांनी तो जिना चढले. काकूंनी चहा केला. सासूबाई आणि त्या दुपारी गच्चीवर पापड वाळत घालायच्या, तेव्हाच्या गोष्टी निघाल्या. त्यातल्या निम्म्या मला माहीतच नव्हत्या.

गळती काही त्या चहाने थांबली नाही. प्लंबर उगवला तो जानेवारीत आणि खर्चाच्या वाटणीवरून आम्ही पुन्हा थोडं वाजवून घेतलंच. पण या वेळी समोरासमोर बसून, चहा पिता पिता.

काकूंचं ते वाक्य पुढे आमच्या सगळ्यांच्याच उपयोगी पडलं. २०२१ सालच्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने आमच्या छोट्याशा सोसायटीतल्या तीन घरांतली माणसं नेली. त्या दिवाळीला कंदील लावावा की नाही, इथपासून प्रश्न. ‘कसली दिवाळी आणि कसलं काय,’ हे माझ्याही ओठांवर आलं होतं. पण आम्ही सात-आठ जणी गच्चीवर जमलो आणि वाटण्या करून घेतल्या. कुणी चकली, कुणी लाडू, कुणी नुसतंच जाऊन तासभर बसायचं. एका दारातून आम्हाला ‘काही नको’ म्हणून परत पाठवलं गेलं. वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी आमच्यातली एक पुन्हा गेली. तेव्हा दार उघडलं गेलं, डबाही घेतला गेला. बोलणं मात्र काहीच झालं नाही. तेवढंच पुरे होतं.

आता म्हणाल, मग डोळे मिटून सगळ्यावर विश्वासच ठेवायचा का? मुळीच नाही. यावरही सासूबाईंची एक गोष्ट आठवते. इथे पुण्यात दिवाळीच्या सुमाराला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या कार्यकर्त्या ‘भाऊबीज’ मागायला दारोदार येतात. विधवेचं दर्शनही अशुभ मानत, त्या काळात, १८९६ साली, अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. त्यातूनच पुढे ही संस्था वाढली. भाऊबिजेची ओवाळणी ओळखीपाळखी नसलेल्या बहिणींपर्यंत पोचवायची, अशी ही कल्पना. सासूबाई दरवर्षी देवघरातल्या कप्प्यात पाकीट तयार ठेवायच्या. मी एकदा नाक मुरडलं, ‘‘कुठे जातात हो हे पैसे, कुणास ठाऊक!’’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘शंका आली तर जाऊन बघून ये. बसल्या जागी शंका घेऊ नये.’’

पुढे एकदा खरंच कर्वेनगरला जाऊन बघून आले. शाळा सुटलेली, मुलींचा नुसता कलकलाट, वसतिगृहाच्या दोऱ्यांवर वाळणारे रंगीबेरंगी कपडे. सासूबाईंच्या माघारी तो कप्पा आवरला, तेव्हा त्या वर्षीचं पाकीट त्यात तयार होतं. आता ते मी भरते.

आणि हो, अनारसेही करते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून, सावलीत सुकवून कुटायचे, गुळात मळून गोळे डब्यात मुरत ठेवायचे. एवढं सगळं करून भरवसा काहीच नाही. पीठ जरा बिघडलं की तुपात सोडल्या सोडल्या अनारसा पसरतो, विरतो. पूर्वी मला वाटायचं, एवढ्या कष्टांनंतर हीच शाश्वती असेल तर विकतचं काय वाईट?

पण मैत्रिणींनो, बिघडलेल्या अनारशाला आपण बायका काय म्हणतो, ते आठवा. आपण ‘फसला’ म्हणत नाही. ‘हसला’ म्हणतो, आणि दुसरा तुपात सोडतो.

गेल्या वर्षी माझे चार हसले. डब्यात वरच्या बाजूला चांगले रचले, हसलेले खाली घातले आणि जिना चढून काकूंकडे गेले. पार्किंगवरून आमचं सध्या पुन्हा बिनसलं आहे. पण ते वेगळं.