फुकटचा माल बाजारात चालावा कसा?

हट्टा येथे आमचे कापडाचे दुकान. संगणकाच्या कामावर आम्ही लिहावे याचे वाचकांस नवल वाटेल. पण आमच्या पुतण्याने दोन वर्षे रात्री जागून एक जिन्नस तयार केला आणि तो पडून राहिला. तेव्हा दुकानदार म्हणून लक्ष घालणे आम्हाला भाग पडले.

जिन्नस असा की, बिलावरची रक्कम मराठीत व उर्दूत अक्षरी लिहून देणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी. इंग्रजीत वीसच्या पुढे शब्द जोडून काम भागते. आपल्याकडे नव्याण्णवपर्यंत जवळजवळ प्रत्येक आकड्याचे नाव निराळे, म्हणून मेहनत मोठी. जावास्क्रिप्ट ही वेबपानावर चालणारी भाषा आणि लायब्ररी म्हणजे तिच्यात आधीच लिहून ठेवलेले काम. शिंपी बटणे घडवीत बसत नाही, तयार आणून लावतो, तसेच हे. ओपन सोर्स म्हणजे बटणाबरोबर त्याचा साचाही खुला.

"चाचा, फुकट देतोय तरी कुणी घेत नाही," पोरगा म्हणाला. अहो, फुकट मालावर तर गिऱ्हाईक जास्तच संशय घेते!

मग त्यानेच मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची हकीकत सांगितली. रुषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा धंदा. त्याच्या हिशेबासाठी व मालसाठ्यासाठी प्रोग्राम लिहिता लिहिता इआरपीनेक्स्ट उभे राहिले. त्यातील अहवालांना आलेख हवे होते. ते काढणारा भाग २०१७ साली 'फ्रॅपे चार्ट्स' नावाने सुटा करून खुला केला आणि परदेशातल्या प्रोग्रामरांनीही तो उचलला. आम्हाला यात दुकानदारीच दिसली. माल आधी घरच्या कामात वापरलेला. तो दुसऱ्या कोणत्याही लायब्ररीवर अवलंबून नाही, म्हणजे एक घेताना दहा गळ्यात पडत नाहीत. नमुना पानावर चालताना दिसतो, वापरायच्या ओळी तिथेच. थान उलगडून दाखवल्याशिवाय कापड विकते काय?

करारही साफ हवा. फेसबुकने २०१३ साली रिअ‍ॅक्ट ही लायब्ररी खुली केली. पुढे तिच्या परवान्यात पेटंटचे एक कलम होते: फेसबुकवर पेटंटचा दावा लावाल तर तुमचा पेटंट-परवाना जाईल. २०१७ साली अपाचे फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांना तसला परवाना मना केला, वर्डप्रेसनेही पाठ फिरवली. त्याच सप्टेंबरात फेसबुकने साधा एमआयटी परवाना लावला. वापरा, बदला, विका. मूळ हक्काची नोंद व परवाना तेवढा सोबत ठेवा, बस्स.

जेक्वेरीची गोष्ट वेगळी. २००६ साली आलेल्या या लायब्ररीने निरनिराळ्या ब्राउझरांची कटकट मिटवली, हे खरेच. पण वर्डप्रेसने ती आपल्या गाठोड्यातच बांधली आणि न मागता ती असंख्य संकेतस्थळांवर पोचली. लहान कारागिराचा माल मोठ्या आडत्याच्या गाडीतून गेला, असे समजा.

गिऱ्हाइकाची भीतीही खोटी नाही. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' हा अकरा ओळींचा तुकडा लिहिणाऱ्याने भांडणातून काढून घेतला, तर जगभर हजारो प्रकल्पांची कामे अडली. उद्या हा पोरगा दुकान बंद करून गेला तर?

पुतण्याचे पान उघडून पाहिले तर वर जडजंबाल इंग्रजी आणि नमुन्याचे एक बिल नाही. आम्ही त्याला आधी बिल लावायला सांगितले, मग परवाना, मग दर बदलाची तारीखवार नोंद. वसमतच्या एका बिलिंगवाल्याकडे स्वतः जाऊन ती बसवून दे, असेही सांगितले. पोरगा लाजत गेला.

महिन्याने अनोळखी माणसाची तक्रार आली, पैशांची अक्षरी रक्कम चुकते म्हणून. पोरगा खट्टू झाला. आम्ही पेढे मागवले. माल कुणीतरी वापरला होता! दुरुस्ती त्याच रात्री गेली.

त्याची अम्मी विचारते, यात पोट कसे भरणार? फ्रॅपे प्रोग्राम फुकट देते आणि तो सांभाळून चालवून देण्याचे व मदतीचे पैसे घेते, हे आम्ही तिला सांगितले. बिलिंगवाल्याने अजून तरी पैशाची गोष्ट काढलेली नाही. पुढच्या आठवड्यात आम्हीच वसमतला जाणार आहोत.