लोकलला कथासंग्रह, घरी कादंबरी

मुंबईत वाचणाऱ्याचा निम्मा संसार लोकलमध्ये चालतो. एका हातात वरची कडी, दुसऱ्यात पुस्तक, पान उलटायचं अंगठ्याने. म्हणून प्रवासाला बारीक कथासंग्रहच बरा. जाडजूड कादंबरी घरी उशाशी. कविता तर उत्तमच, दोन स्टेशनांत एक होते.

पुस्तकं आणायची कुठून? दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहून थोरलं, १८९३ चं, आणि ठाणेकर हे ऐकवायची संधी सोडत नाहीत. काळा घोड्याला डेव्हिड ससून ग्रंथालय आहे: १८७० ची दगडी इमारत, मागे बाग. बाहेर एवढा गोंगाट असताना तिथे डुलकी कशी लागते, देव जाणे!

फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं घेताना दोन पथ्यं पाळा. मधली आणि शेवटची पानं जागेवर आहेत का, ते तिथेच उभं राहून बघा. आणि हवं असलेलं पुस्तक हातात घट्ट धरून भाव विचारू नका. चेहरा वाचण्यात विक्रेते आपल्यापेक्षा तरबेज.

दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची, पण वन-रूम-किचनमध्ये पंचवीस अंक ठेवणार कुठे? त्यापेक्षा जवळच्या वाचनालयाची दिवाळी अंक योजना विचारा. एकदा वर्गणी भरायची, पुढचे काही महिने अंक बदलून न्यायचे. गाजलेल्या अंकांवर आधी उड्या पडतात. तोवर विनोदी अंक उरकून घ्यावेत.