पाय जमिनीला टेकले पाहिजेत

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. रात्री साडेनऊच्या सुमारास आर्णी तालुक्यातल्या एका वस्तीवरून फोन आला. "वकीलबाई, आमच्या पोरीले लय मारलं. ठाण्यात जाचं हाय, तुमी याल का?" अंतर अवघे चौदा किलोमीटर. मी स्कूटर काढली. डांबरी रस्ता संपल्यावर दोन किलोमीटर कशीबशी गेले असेन. पुढे आमची काळी माती. स्कूटरचे दहा इंचांचे मागचे चाक चिखलात रुतले ते रुतलेच. शेवटी गाडी तिथेच सोडून चालत परत आले. सकाळी पोहोचले तेव्हा गावातल्या वजनदार मंडळींनी रात्रीतूनच 'समेट' घडवून आणला होता. फिर्याद नोंदवली गेली ती तीन दिवसांनी. अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यात तीन दिवसांचा उशीर म्हणजे काय, हे कोर्टात उभे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. आरोपीच्या वकिलाचा पहिला प्रश्न तोच असतो.

त्या रात्री त्याच रस्त्याने दोन तरुण मोटारसायकलवरून माझ्या बाजूने निघून गेले. त्यांच्या गाडीचे चाक अठरा इंचांचे होते. आपणही मोटारसायकल घ्यायची, असे मी त्याच रात्री ठरवले. माझी उंची चार फूट अकरा इंच. आणि इथूनच खरी कथा सुरू होते.

एका मोठ्या गावातल्या दुकानात गेले. विक्रेत्याने विचारले, "गाडी साहेबांसाठी पाहायची का?" मी म्हटले, माझ्यासाठी. त्याने एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, तुमची हाइट कमी पडते. तुम्ही स्कूटीच घ्या." त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. पण घरी येताना मनात एकच प्रश्न घोळत होता. माझी उंची कमी पडते, की गाडीची सीट उंच पडते? वादी कोण आणि प्रतिवादी कोण, हे आधी ठरले पाहिजे.

आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतीय स्त्रीची सरासरी उंची साधारण १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांच्या आतबाहेर. म्हणजे मी काही अपवाद नाही. या देशातल्या निम्म्या बायका माझ्याच मापाच्या किंवा त्याच्या जवळपास आहेत. आता गाड्या पाहा. खेड्यापाड्यात सर्वाधिक दिसणाऱ्या स्प्लेंडरची सीट जमिनीपासून ७८.५ सेंटिमीटरवर. बुलेटच्या जातीच्या गाड्यांची ८० सेंटिमीटरच्या आसपास. माझ्या पायाची आतली लांबी ६९ सेंटिमीटर. हिशेब सोपा आहे. ही गाडी कुणाच्या मापाने शिवली, हे सांगायला शिंप्याची गरज नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. मोटारींच्या अपघात-चाचणीत जे पुतळे बसवतात, त्यातला प्रमाण पुतळा अमेरिकेत वर्षानुवर्षे १७५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचा राहिला. स्त्रीचा म्हणून जो पुतळा वापरतात तो साधारण १५० सेंटिमीटरचा, म्हणजे त्यांच्या लेखी सर्वात लहान चणीच्या पाच टक्के बायकांचा. त्यांच्या हिशेबातला अपवाद म्हणजे आमच्या देशातली सर्वसामान्य बाई!

आणि उंची ही निव्वळ निसर्गाची देणगी नाही. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली. अनुसूचित जाती आणि जमातींमध्ये हे प्रमाण या सरासरीपेक्षाही जास्त आहे. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या ताटात उरलेसुरले आले, आणि त्यातही घरातल्या बाईच्या ताटात सर्वात शेवटी आले, त्यांच्या हाडांवर तो इतिहास लिहिलेला असतो. तेव्हा 'हाइट कमी पडते' असे कुणी म्हटले की खाली मान घालण्याचे कारण नाही. कमी पडले ते अन्न.

कायद्याने तरी बाईला गाडीवर कुठे बसवले आहे? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ काढून पाहा. मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडा चाकात अडकू नये म्हणून मागचे निम्मे चाक झाकणारी जाळी हवी. या जाळीला आपण सगळे 'साडीगार्ड' म्हणतो. नियम चांगला आहे, त्याने अनेकींचे जीव वाचले असतील. परंतु बाई मागे बसणार, एका बाजूला पाय सोडून बसणार, हे गृहीत धरूनच आपल्या भाषेत तो शब्द रुजला. पुढे बसणाऱ्या बाईसाठी अजून शब्दच नाही.

बाजाराने बाईचा विचार केला नाही असे मात्र म्हणता येणार नाही. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ साली लूना आणली. नर्सबाई, शिक्षिका आणि ग्रामसेविका तिच्यावर बसून गावोगाव गेल्या. १९८४ मध्ये बिनगिअरची कायनेटिक होंडा आली, नव्वदच्या दशकात स्कूटी आली, २००१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा आली. या गाड्यांनी लाखो बायकांना मोकळे केले, हे मान्य केलेच पाहिजे. पण सगळा विचार शहरातल्या डांबरी रस्त्याचा. मजा फक्त मुलांनीच का करावी, अशा अर्थाची एक जाहिरात दोन हजारच्या दशकात गाजली होती. वस्तीवरच्या आशाताईला मजेचे काय? तिला चिखलातून बाळंतिणीपर्यंत पोहोचायचे असते.

आंबेडकरी माणसाला वाहनाचा प्रश्न किरकोळ वाटू नये. १९२९ सालची चाळीसगावची घटना आठवा. स्टेशनवर उतरलेल्या बाबासाहेबांना महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. अस्पृश्याचा टांगा हाकणे त्याच्या इभ्रतीला शोभत नव्हते. मग तोड अशी निघाली की टांगा भाड्याने मिळेल, पण टांगेवाला हाकणार नाही. आपल्याच बांधवांपैकी एकाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. नदीवरच्या फरशीपुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. परदेशातून बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसाची ही स्थिती! या घटनेतून आपण जातीचा धडा नेहमी घेतो, तो घेतलाच पाहिजे. पण दुसराही एक धडा त्यात आहे. लगाम हाती आला तरी हाकणे शिकावे लागते. हक्क मिळवला आणि सराव केला नाही, तर गाडी उलटते.

आणि हा टांगेवाला अजून मेलेला नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत तामिळनाडूतल्या शिवगंगा जिल्ह्यात बुलेट चालवणाऱ्या एका दलित विद्यार्थ्याच्या हातांवर वार झाले. आमच्या जातीच्या पोराने बुलेट चालवली हेच खटकले, अशी त्याच्या कुटुंबाची तक्रार होती. जिथे आपल्या मुलाचे गाडीवर बसणे सहन होत नाही, तिथे आपल्या मुलीचे बसणे किती डोळ्यांत खुपेल, याचा विचार करा. म्हणूनच तिने बसलेच पाहिजे.

आता कामाचे बोलू. मी काय केले ते सांगते. एखादीला उपयोग होईल.

पहिली गोष्ट, दोन्ही तळवे पूर्ण टेकलेच पाहिजेत हा गैरसमज आहे. थांबताना कंबर थोडी डावीकडे सरकवून डावा पाय नीट टेकला आणि उजवा पाय ब्रेकवर राहिला तरी गाडी सावरते. दुसरी गोष्ट, कागदावरची उंची सगळे सांगत नाही. सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय आखूड पडतो. तीच सीट पुढून अरुंद असेल तर पाय सरळ खाली जातो. तिसरी गोष्ट वजनाची. अ‍ॅव्हेंजरची सीट ७४ सेंटिमीटरच्या आसपास, बसताक्षणी पाय टेकतात. पण वजन दीडशे किलोच्या वर, आणि पायदाने इतकी पुढे की माझ्यासारखीला ताणून बसावे लागते. स्प्लेंडरचे वजन एकशे बारा किलोच्या घरात. उंच पण हलकी की बुटकी पण जड? चिखलात एकटीने गाडी उचलायची असेल तर हलकीच बरी. मी शंभर सीसीची जुनी गाडी घेतली. घेताना सेल्फ-स्टार्ट आहे ना हे पाहून घेतले, कारण बुटक्या बाईला उंच गाडीवर बसून किक मारणे अवघड जाते.

मग सीट शिवणाऱ्या कारागिराकडे गेले. त्याने रेक्झिन उसवून आतला फोम दीड इंच कापला, पुढच्या दोन्ही कडा निमुळत्या केल्या आणि पुन्हा शिवून दिले. मागचे शॉकअप सर्वात मऊ खाचेवर आणले. जाड तळव्याचे बूट घेतले. एवढ्यावर काम भागले. मात्र शॉकअप कापून गाडी खाली आणण्याच्या भानगडीत पडू नका. त्याने साइड स्टँडवर गाडी नीट उभी राहत नाही आणि खड्ड्यात बूड घासते. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल करू देत नाही. सीटचा फोम त्या तपशिलात येत नाही.

शाळेच्या मैदानावर दहा-बारा दिवस सकाळी सराव केला. दोनदा पडले. पोरे हसली. तिसऱ्या आठवड्यात त्यातल्याच एकाने विचारले, "ताई, माह्या मायले शिकवसान का?"

वकील म्हणून दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. कायद्याच्या कलम १० मध्ये बिनगिअरच्या आणि गिअरच्या मोटारसायकलचे वर्ग वेगळे आहेत. स्कूटीवर परीक्षा देऊन बिनगिअरचा परवाना काढलेल्या बाईने गिअरची गाडी चालवली तर ती विनापरवानाच ठरते आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करायला मोकळी होते. म्हणून परवाना काढताना गिअरचाच काढा. दुसरे, कमाई तुमची असेल तर गाडीची नोंदणी तुमच्या नावावर करा. बाईच्या मालकीच्या हक्कासाठी हिंदू कोड बिल मांडणाऱ्या आणि ते रखडले म्हणून १९५१ साली मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांच्या लेकी आपण. निदान गाडीचे कागद तरी आपल्या नावाने असावेत.

हे एकटीदुकटीचे काम नाही. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता चळवळीने बायकांना सायकल शिकवली आणि लाखभर बायका शिकल्या. लेडीज सायकली पुरल्या नाहीत तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. काहींना तर तीच पसंत पडली, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येते. माप पुरुषाचे होते, पण उपयोग बायकांनी आपला ठरवला.

महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, ही चांगली गोष्ट आहे. परंतु जिथे एसटी जातच नाही, तिथे अर्ध्या तिकिटाचा काय उपयोग? आपल्या प्रत्येक विहारात रविवारी वंदना होते. वंदनेनंतर एक तास महिला मंडळाने गाडी शिकण्यासाठी ठेवावा. गावात एक जुनी, सीट कापलेली मोटारसायकल वर्गणीतून घ्यावी. आपण जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत किती उधळतो, त्याच्याशी हा खर्च ताडून पाहावा. मुलांनी मिरवणुकीत गाड्यांचे आवाज काढण्यापेक्षा आयाबहिणींना क्लच सोडायला शिकवावे. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजायला बाबासाहेबांनी आपल्याला १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत शिकवले. ते माप अजून आपल्याच हाती आहे.

मागच्या पावसाळ्यात त्याच वस्तीवरून पुन्हा फोन आला. या वेळी दुसऱ्या घरातला. रस्ता तोच, चिखल तोच. मी पाऊण तासात पोहोचले, बाईला मागे बसवले आणि फिर्याद त्याच रात्री नोंदवली गेली. ठाण्याच्या दारात गाडी थांबवताना माझा डावा पाय जमिनीला नीट टेकलेला होता.

जयभीम!