दोन होड्या, दोन माणसे आणि वारा

कोकणकिनाऱ्यावर ज्यांचे बालपण गेले, त्यांना उलांडीची होडी ठाऊक असेल. अरुंद होडी लाटेवर कलंडू नये म्हणून तिच्या एका बाजूस आडव्या दांड्यांनी ओंडका जोडतात, तीच उलांडी. या ओंडक्याच्या जागी दुसरी होडीच जोडली की कॅटमरान तयार होते. शब्द मूळचा तमिळ: कट्टु म्हणजे बांधणे, मरम् म्हणजे लाकूड. गंमत अशी, की तमिळ कोळ्यांचे कट्टुमरम् हा ओंडके बांधून केलेला तराफा आहे. जोडहोड्यांची थोर परंपरा मात्र पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियन दर्यावर्दींची.

शर्यतीसाठी बांधलेल्या दोन माणसांच्या कॅटमरानमध्ये टॉर्नेडोचे स्थान मोठे आहे. इंग्लंडच्या रॉडनी मार्च यांनी १९६० च्या दशकात तिची रचना केली आणि १९७६ ते २००८ या काळात ती ऑलिंपिकमध्ये धावली. लांबी सुमारे ६.१ मीटर, रुंदी ३.०५ मीटर, म्हणजे रुंदी लांबीच्या निम्मी. तिचे सारे मर्म या रुंदीत आहे. मोठ्या शिडनौकेच्या तळाशी शिशासारख्या धातूचे वजन असते. वाऱ्याने कललेली नौका ते पुन्हा सरळ करते, पण हा भार सतत वाहावा लागतो. टॉर्नेडोने तो भार टाकून दिला. तिच्या दोन सडपातळ होड्या पाणी फारसे न घुसळता कापत जातात. दोहोंमध्ये ताणलेले जाळीदार कापड असते, तीच खलाशांची बैठक. डोलकाठीही वाऱ्याच्या दिशेनुसार स्वतःभोवती फिरते.

तरीही केवळ रुंदी पुरत नाही. वारा वाढला की वाऱ्याकडील होडी पाण्यातून उचलली जाऊ लागते. तेव्हा खलाशी डोलकाठीला बांधलेली तार कमरेच्या पट्ट्यात अडकवतात, होडीच्या काठावर पाय रोवतात आणि सारे शरीर पाण्यावर झोकून देतात. त्यांची शरीरे हेच नौकेचे वजन. पूर्वी एकच खलाशी असा लोंबकळत असे. सिडनी ऑलिंपिकनंतर दुसरी तार आणि एक मोठे फुगणारे शीड यांची भर पडली. वरची होडी पाण्याला जेमतेम स्पर्श करील एवढीच उचलली जावी, हे खरे कौशल्य. त्या क्षणी पाण्याचा अवरोध सर्वांत कमी असतो. एकाने सुकाणू वळवताना दुसऱ्याने शिडाची दोरी सैल केली नाही, तर दोघेही पाण्यात.

याहून वाईट म्हणजे पुढचे टोक लाटेत घुसणे; मग मागची बाजू उचलली जाऊन नौका कोलांटी घेते. आणि जी रुंदी तिला सरळ ठेवते, तीच तिला उलटीही घट्ट धरून ठेवते. आडव्या पडलेल्या नौकेच्या खालच्या होडीवर उभे राहून, दोरीला लोंबकळून दोघांनाच ती उभी करावी लागते.

अर्जेंटिनाच्या सांतियागो लांगे यांनी २००४ आणि २००८ मध्ये टॉर्नेडोवर कांस्यपदके मिळवली. पुढे टॉर्नेडो ऑलिंपिकमधून वगळली गेली. २०१६ मध्ये नाक्रा १७ ही ५.२५ मीटर लांबीची कॅटमरान तेथे आली, एक स्त्री आणि एक पुरुष अशा जोडीसाठी. कर्करोगामुळे फुप्फुसाचा काही भाग काढून टाकलेले, चोपन्न वर्षांचे लांगे त्या वर्षी रिओमध्ये सेसिलिया कारांसा यांच्यासह पुन्हा तारेला लोंबकळले आणि दोघांनी सुवर्णपदक जिंकले.