विश्लेषण : फणेरपेटी कुणाची होती? घरगुती वस्तूंत दडलेली सामाजिक बंधने

पुण्यात बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे आणि वज्रींबरोबर कुंकवाचे करंडेही आहेत. लोक त्यांची नक्षी पाहून थक्क होतात. पण अशा वस्तूंची रचना त्या काळच्या घरांतील बंधनांबद्दलही बरेच सांगते.

संग्रह कसा उभा राहिला?
दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी सुमारे १९२० पासून वस्तू जमवायला सुरुवात केली. त्यांचा ओढा रोजच्या वापरातील वस्तूंकडे होता. अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहालयाला दिले. सुमारे २० हजार वस्तूंचा हा ठेवा १९७५ मध्ये राज्य सरकारकडे सोपवण्यात आला.

फणेरपेटी काय सांगते?
जुन्या घरांत बायकांच्या साजशृंगाराची फणेरपेटी असे. झाकणाच्या आत आरसा. खाली फणी, मेण आणि कुंकवासाठी कप्पे. कोरडे कुंकू कपाळावर टिकत नाही, म्हणून आधी मेण लावायचे, त्यावर कुंकू. जमिनीवर बसून वापरायला ही पेटी सोयीची होती.

पण ही सोय फक्त सवाष्णीची. पती गेला की कुंकवाचा कप्पा त्या बाईसाठी बंद होई. केशवपनाची रूढी असलेल्या घरांत फणीही निरुपयोगी ठरे. वस्तू घरातच राहत असे. ती वापरायचा हक्क मात्र जात असे. याच पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला.

टिकली आल्यावर काय बदलले?
चिकटवायची टिकली आली आणि मेणाची गरज संपली. पेटी माळ्यावर गेली, पण बंधन राहिले. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो थेट मे २०२२ मध्ये. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले.

आज याचा उपयोग काय?
जुन्या वस्तूंवरून नव्या वस्तू घडवताना नक्षी उचलणे सोपे असते. ही वस्तू कुणाला वापरता येत नव्हती, हेही डिझायनरने विचारायला हवे. घरातली जुनी पेटी पुन्हा काढाल, तेव्हा आजी-पणजीबद्दल हाच प्रश्न विचारून पाहा.